बर्फावर राहिलेला डबडू

गांधीधाम (कच्छ)
१२ जून १९९७

चि. जयूस,
समरतदादाचा जयभीम.

आधी खाली बस, मग पुढचं वाच. मी जिवंत हाय. कच्छात गांधीधामला हाय. ट्रकच्या बॉड्या बांधतात तिथं सुतारकाम करतो. मालकाला सगळे उस्ताद म्हणतात, माणूस देवमाणूस हाय.

मागल्या महिन्यात आमच्याकडं एक ट्रक मागचा फाळका दुरुस्तीला आला. नंबर एम.एच. सोळा, आपला नगरचा. ड्रायव्हर म्हणाला, श्रीगोंद्याची साखर घेऊन बंदरावर आलोय. मी खाटेवर बसून फळी घासत हुतो, हात तिथंच थांबला. मच्छिंद्र त्याचं नाव. बोलता बोलता त्याची मावशी दगडाबाई केडगावला राहती असं निघालं, अन् तिच्या शेजारी कलाबाई अन् तिची मास्तरीण व्हायला निघालेली पोरगी. मी त्याला दोनदा विचारलं, कलाबाई कुठली? तो म्हणाला, सहादू भिंगारदिव्याची.

आपले अण्णा गेल्याचं त्याच्याकडूनच कळलं.

पाच वर्षांमागं मी पत्र टाकलं हुतं, कारखान्याच्या चाळीच्या पत्त्यावर. ते परत आलं. मग मी सोता आलो. आपल्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड. कुनी म्हणालं, ते पुण्याकडं गेले. पिंपरी, भोसरी पालथी घातली. तुमी केडगावात असाल हे ध्यानीमनी न्हवतं.

आत्ताही मीच आलो असतो. पण एप्रिलात ट्रकच्या टपावरून पडलो, मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली हाय. दिवाळीपर्यंत लांबचा प्रवास न्हाई म्हणतात. आईला वाचता येत न्हाई म्हणून तुझ्या नावानं लिहितो. तिला सांग. सावकाश सांग.

तुझा दादा,
सम्राट


केडगाव, नगर
२४ जून १९९७

श्री. सम्राट यांस,
जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. आईला सांगितलेलं नाही. तुम्हीही तिच्या नावाने किंवा दगडामावशींकडे काही निरोप पाठवू नका, ही विनंती.

कारण लिहिते. दोन वर्षांपूर्वी एक माणूस असाच आमच्या दारात आला. म्हणाला, तुमचा मुलगा सुरतेला आहे, सोमवारी त्याला घेऊन माळीवाड्याच्या स्टँडवर येतो. आई पहाटेपासून स्टँडवर जाऊन बसली. सुरतेची गाडी आली, नाशिकची आली, धुळ्याची आली. प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन ती उतरणाऱ्यांची तोंडं बघत होती. संध्याकाळी मी तिला घरी आणली, तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. त्या माणसाने हे का केलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, आईला माझा फोटो दाखव, ती ओळखेल. तर तेही ऐका. गेल्या वर्षी घोडेगावच्या बाजारात तिने एका शेळ्या विकणाऱ्या मुलाचा हात धरला आणि 'समरत, चल घरी' म्हणाली. त्या मुलाची आई शेजारीच उभी होती. माझी आई आता प्रत्येक तरुण पोरात दादाला बघते. तिच्या ओळखण्यावर मी विसंबू शकत नाही. आणि दादा गेला तेव्हा मी तर नऊ वर्षांची होते.

दादाच्या अंगावरच्या खुणा पेपरात जाहिरात दिली तेव्हा छापून आल्या होत्या. आमचं गाव, अण्णांचं नाव, चाळ, हे सगळं दगडामावशींना माहीत आहे, म्हणजे तुमच्या मच्छिंद्रभाऊंनाही माहीत आहे. आणि दादाचं अक्षर असं नव्हतं. तुमच्या पत्रात अक्षरांवर रेषच नाही.

म्हणून एकच विचारते. दादा घर सोडून गेला, त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट पाहिली होती. कुठे पाहिली, काय होतं ते आणि शेवटी काय झालं? एवढं लिहा.

जयमाला


गांधीधाम
४ जुलै १९९७

जयू,

तू मला अहोजाहो केलंस. बरंच झालं म्हणायचं, पोरगी हुशार झालीय. आईला जपतेस ते वाचून आनखी बरं वाटलं. तो स्टँडवाला मानूस मला भेटला तर काय करीन सांगता येत न्हाई.

अक्षराचं म्हणशील तर गुजरातीत वरती रेष नसती. दहा वर्षं लाकडांची मापं, बिलं, पाट्या सगळं त्यातच लिहितो, हाताची सवय मोडली. हे पत्र फूटपट्टी लावून रेष मारून लिहितोय. बघ बरं दिसतंय का.

आता तुझा सवाल.

आपण सूर्यभानकाकाच्या घरी हुतो. ते कारखान्यात टाइमकीपर, चाळीत पहिला टीव्ही त्यांचा. काळा-पांढरा, वर निळी काच लावलेली, त्यामुळं सगळी माणसं बुडाल्यासारखी दिसायची. काकू पोरांना पोत्यावर बसवायच्या. तू माझ्या मांडीवर, कारण पुढं त्यांचा आडदांड नातू बसायचा अन् तुला दिसायचं न्हाई.

लागलं हुतं 'चांदपार की टोली'. रविवारची कार्टून. हिंदीत. निमा नावाची पोरगी, तिचा बाप यानाचा मेकॅनिक, अन् भंगारातनं केलेला तो यंत्रमानूस, डिब्बूराम. आपण त्याला डबडू म्हणायचो. पोटाला पत्र्याचा डबा, खाली एकच चाक, डोकं कपबशीतल्या बशीसारखं. चालताना कुईं कुईं करायचा.

त्या रविवारी ते बर्फाच्या ग्रहावर उतरले हुते. वादळ आलं. सगळे पळत यानात गेले. डबडूचं चाक बर्फात रुतलं. निमा ओरडत राहिली, बापानं तिला धरून ठेवलं, दार बंद झालं, यान वर गेलं. डबडू एक हात वर करून खाली उभा. तिथंच संपलं.

तू लई रडलीस. काकू म्हणाल्या, "अगं, डब्यासाठी कोन रडतं व्हय?" मी तुला खांद्यावर घालून घरी आणलं.

आता तरी दादा म्हण.

सम्राट


केडगाव
१५ जुलै १९९७

श्री. सम्राट यांस,

तुम्ही चुकलात.

टीव्ही कुणाचा, काच कसली, पोती, काकू हे सगळं बरोबर आहे. पण त्या पोत्यांवर चाळीतली निम्मी पोरं बसायची. त्यातलं कुणीही तुम्हाला हे सांगू शकेल. मी रडले होते हेही.

शेवट तुम्हाला माहीत नाही. डबडू बर्फावर राहिला नाही. दार बंद होत होतं, तेवढ्यात त्याने दाराच्या फटीत उसाचं कांडं घातलं. दार अडलं. यानातल्या लोकांना वाटलं काहीतरी बिघडलं, निमाच्या बापाने वाकून पाहिलं, तर खाली हा उभा. मग त्याला आत ओढून घेतलं आणि निमा त्याला म्हणाली, "काय रे, कुठं राहिला होतास?" हे मी डोळे मिटले तरी मला दिसतं. ज्याच्या मांडीवर बसून मी ते पाहिलं, तो माणूस हे विसरणं शक्य नाही.

दादा गेल्यावर कितीतरी दिवस मी एवढंच आठवून झोपत होते. एवढं एकच मी तुम्हाला विचारलं, आणि तेच तुम्हाला आलं नाही.

तुम्ही कोण आहात आणि तुम्हाला आमच्याकडून काय हवं आहे, मला माहीत नाही. आमच्याकडे काही नाही. आई शाळेच्या वसतिगृहात भाकऱ्या करते. कृपा करून पुन्हा पत्र पाठवू नका. पाठवलंत तर मी पोलिसात जाईन.

जयमाला भिंगारदिवे


गांधीधाम
२६ जुलै १९९७

जयमालास,

बरं. आईच्या जिवाचा सवाल असेल तर मी गप बसतो. पाय बरा झाला की येईन, लांब उभा राहून तुमाला बघीन, अन् तुमी म्हणाल तर परत जाईन.

पन एक लिहितो. तू विचारलंस तेव्हा मला काय आठवतं तेच मी लिहिलं. डबडू बर्फावरच राहिला हुता. तुला बरं वाटावं म्हणून आता त्याला आत घेता येत न्हाई मला. ते खोटं झालं असतं, अन् या कामात खोटं नको.

गोळ्या वेळेवर देत जा.

सम्राट


केडगाव
२० ऑगस्ट १९९७

दादा,

दादा, दादा, दादा. आता झालं समाधान?

मी तीनदा हे पत्र लिहायला बसले आणि तीनदा फाडलं. आता एका दमात सगळं सांगते.

तुझं शेवटचं पत्र आलं ते मी डी.एड.च्या पुस्तकात ठेवून दिलं. म्हटलं, संपला विषय. पण संपेना. मला एवढंच छळत होतं की हा माणूस लबाड असता, तर मी उत्तर सांगितल्यावर म्हणाला असता, "हो हो, आठवलं, ऊसच होता." लबाड माणूस कशाला अडून बसेल? वर्गात पाठ घेताना मी फळ्यावर भलतंच लिहायला लागले. शेवटी माझी मैत्रीण रुपाली मला म्हणाली, "अगं, मग एकदा बघूनच टाकू ना ती कार्टून." तिला मी सगळं सांगितलं होतं. आईलाही नाही, एवढ्या एकाच माणसाला.

नगरात आसारामकाकांची व्हिडिओ लायब्ररी आहे. केबल आल्यापासून तिथे कुणी फिरकत नाही. काका बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी 'चांदपार की टोली' म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले, "पोरी, धा वर्षांत ही कॅसेट मागनारी तू पयलीच." आत जाऊन शिडीवर चढले आणि धुळीने माखलेल्या कॅसेट घेऊन उतरले. एका कॅसेटवर त्यांच्या हाताने 'बरफ' असं लिहिलेलं होतं.

रुपालीच्या घरी तिच्या भावाने, ज्ञानेश्वरने, शेजारून व्ही.सी.आर. आणून जोडला. त्याला सिनेमाचं फार वेड. त्याने आधी आम्हाला माहिती दिली की 'चांदपार' नावाचे मोठे इंग्रजी सिनेमे निघाले होते, एकामागून एक तीन. त्यात नुसत्या लढाया, ग्रहच्या ग्रह जळतात. ते पोरांना दाखवण्यासारखे नाहीत, म्हणून पोरांसाठी त्याच यानातली ही वेगळी कार्टून केली. आपला डबडू त्या सिनेमांत नाहीच, दादा. निमाचा बाप आहे म्हणे, पण पडद्यावर जरासाच येतो आणि मरतो. मला हे ऐकून वाईट वाटलं. बरं झालं आपण सिनेमे नाही पाहिले.

मग कार्टून लागली. खरं सांगू? फार साधी आहे रे. तेच चार दगड पुन्हा पुन्हा मागे सरकतात. माणसं बोलताना फक्त ओठ हलतात. निमाच्या बापाचा, शत्रूचा आणि म्हाताऱ्याचा आवाज एकाच माणसाने काढलाय, ते आता चटकन कळतं. रंगीत पाहिल्यावर डबडू हिरवा निघाला. मी त्याला मनात चांदीचा धरला होता. ज्ञानेश्वर हसायला लागला, "ह्याच्यासाठी तू रडायचीस?" पण मग डबडू कुईं कुईं करत आला आणि मी गुडघे पोटाशी घेऊन बसले. तू ज्या निळ्या काचेचं लिहिलंस तिचा वासही मला आला. प्लास्टिक तापल्यासारखा.

वादळ आलं. सगळे पळाले. चाक रुतलं.

मी उसाच्या कांड्याची वाट बघत होते. दार बंद झालं. यान वर गेलं. डबडू खाली एक हात वर करून उभा, आणि नावं यायला लागली.

मी म्हटलं, "ज्ञानेश्वर, मागं घे. मधला भाग कापलाय." त्याने मागे घेतलं. पुन्हा तसंच. मी म्हटलं, "अरे, ऊस कुठाय?" तर रुपाली माझ्याकडे बघून म्हणाली, "जयू, बर्फाच्या ग्रहावर ऊस कुठून येईल गं?"

दादा, दहा वर्षांत मला एकदाही हा प्रश्न पडला नाही. परदेशात काढलेली कार्टून, बर्फाचा ग्रह, आणि त्यात उसाचं कांडं! ते कुठून येणार? श्रीगोंद्याहून. कारखान्याच्या वजनकाट्यावरून. गाड्यांतून ऊस ओढणाऱ्या पोराच्या डोक्यातून.

मग हळूहळू सगळं आठवलं. टीव्हीवर मी ते पाहिलंच नव्हतं. मी अंधारात पाहिलं होतं, गोधडीत. माझं रडं थांबत नव्हतं म्हणून तू मला सांगितलं होतंस की अगं, टीव्ही आधीच बंद केला त्यांनी, पुढं काय झालं ते मला माहिताय. आणि तू सांगितलंस. रोज रात्री मी "पुन्हा सांग" म्हणायचे आणि तू पुन्हा सांगायचास. "काय रे, कुठं राहिला होतास?" हे निमाच्या आवाजात तूच म्हणायचास. मग तू गेलास. पुढच्या रविवारी काकूंनी बोलावलं तरी मी गेले नाही. त्यामुळे माझ्यासाठी तुझाच शेवट खरा राहिला.

तू खरं तेच लिहिलंस आणि मी तुला पोलिसांची भीती घातली. पण मला आता वाईटसुद्धा नीट वाटत नाहीये, इतकं हलकं वाटतंय. रुपालीच्या आईने मला साखर-पाणी दिलं. मी हसत होते की रडत होते, तिला कळेना.

पुढची कॅसेटही आम्ही पाहिली. ती टोली तीन भागांनंतर परत जाते आणि डबडूला बर्फातून खणून काढते. त्याच्यावरचा बर्फ वितळवायला बराच वेळ लागतो आणि मध्ये एक कंटाळवाणं गाणं आहे. तुझा शेवट लाख पटीने बरा.

आता आईला सांगायचं आहे. धीर होत नाही, पण सांगणार.

तुझी
जयू


गांधीधाम
३० ऑगस्ट १९९७

माझी जयू,

पत्र उस्तादांच्या पोरानं आनून दिलं. पाकिटावर 'श्री. सम्राट' बघून मी तसंच उशाखाली सारलं. म्हटलं, पोलिसाचं असंल. संध्याकाळी उस्ताद म्हणाले, खोल तरी. पहिल्या ओळीला तीन वेळा दादा लिहिलेलं दिसलं अन् पुढचं वाचता येईना. उस्तादांना मराठी येत न्हाई, तरी त्यांनी पत्र हातात घेऊन बघितलं अन् म्हणाले, "अच्छा है ना?" मी मान हलवली.

उसाचं तू मागल्या पत्रात लिहिलंस तवा मला खरंच काय आठवलं न्हवतं. मी तुला रोज कायतरी सांगत असायचो, त्यातलं काय काय ध्यानात राहनार? अन् त्या आठवड्यात माझं डोकं ठिकान्यावर न्हवतं. दहावीचा निकाल लागलेला. गणितात गेलो. अण्णांनी काट्यावर सगळ्या ट्रकवाल्यांपुढं मला मारलं. ते रागावलेले न्हवते गं, ते घाबरले हुते. पोरगं आपल्यासारखंच बॉयलरपुढं जळनार म्हणून. हे आता कळतं. तवा न्हाई कळलं. साखरेचा ट्रक निघाला हुता, त्यात चढलो.

आता तू लिहिलंस अन् मी दोन दिवस पडल्या पडल्या तेच आठवत हुतो. गोधडीचा रंगसुदा आठवला. तू झोपलीस का बघायला मी मधीच थांबायचो, अन् तू डोळे मिटून म्हनायचीस, "मग?"

आईला सांगितलंस का? काय म्हनाली? मी इकडं भिंतीकडं बघत बसलोय. लौकर लिही. एसटीडीवरनं उस्तादांच्या हापिसात फोन लाव, नंबर खाली देतो.

दादा


केडगाव
९ सप्टेंबर १९९७

दादा,

फोन दोनदा लावला, लागला नाही. हे पत्र पोचायच्या आधी बहुतेक आईच तिथे पोचेल. घाबरू नकोस. कसं झालं ते सांगते.

मी आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळी दे, जेवू घाल, बसवून सांग, आणि शेजारी कुणीतरी असू दे. मी दगडामावशींना बोलावलं. आई वसतिगृहातून आली, हातपाय धुतले, जेवली. मी म्हटलं, "आई, दादाचा पत्ता लागलाय."

ती ताट घासायला उठत होती, तशीच थांबली. म्हणाली, "कुनी सांगितलं?"

"त्याचं पत्र आलंय."

"आसली पत्रं लई येत्यात." आणि ताट घेऊन मोरीकडे गेली.

दादा, मी इतके दिवस तिला जपत होते, आणि तिने माझ्याआधीच मनाला कुलूप घातलं होतं. स्टँडवरच्या दिवसापासून. घोडेगावच्या बाजारात तिचं कुलूप एकदाच निसटलं असेल. मी तिच्यामागे मोरीत गेले आणि तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. कार्टूनचं, डबडूचं, उसाच्या कांड्याचं. ती ताट घासत राहिली. मला वाटलं, तिला काही कळत नाहीये, कुठला डबडू आणि कुठलं यान. मी म्हटलं, "आई, उसाचं त्याच्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार?"

तिने नळ बंद केला. म्हणाली, "मला म्हाईत हाय की."

"काय?"

"ऊस. गोधडीत सांगायचा त्यो तुला. म्या पलीकडं पडून आयकत हुते. तुजे आन्नाबी आयकायचे. एकदा हासलेबी. मला म्हनले, पोरगं ग्वाड सांगतंय." मग तिने ओल्या हाताने माझा दंड धरला आणि विचारलं, "त्येनं सोताहून सांगितलं का तू इचारलंस?"

मी सांगितलं की त्याने ऊस सांगितलाच नाही, जे टीव्हीत होतं तेच सांगितलं, मी हाकललं तरी तेच म्हणत राहिला. तेव्हा ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. दगडामावशी धावत आल्या, पाणी दिलं, पंखा घातला. मी घाबरले. पण तिला काही झालं नव्हतं. ती म्हणाली, "आसंच हाय त्ये. लहानपनापास्नं. मार खाईल पर बदलनार न्हाई." आणि मग ती रडली. मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. अण्णा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. गल्लीतली माणसं गोळा झाली. दगडामावशी सगळ्यांना सांगत होत्या, "कायबी वंगाळ न्हाई, चांगलं हाय, चांगलं!"

तुझा फोटो तिने मागितला नाही. म्हणाली, "मी फोटू बघाया जानार न्हाई, पोराला बघाया जानार."

मी म्हटलं, दिवाळीला तो येईल. तर म्हणते, "पाय त्येचा मोडलाय, माजा न्हाई." मच्छिंद्रभाऊंची गाडी दोनच दिवसांत साखर भरून बंदराला निघतेय हे दगडामावशींनी तिच्या कानावर घातलं आणि झालं! मी नको म्हटलं, डॉक्टर नको म्हणतील म्हटलं. ती स्वतःच दवाखान्यात गेली, रक्तदाबाचा पट्टा बांधून घेतला. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि मलाच म्हणाले, "गेल्या दोन वर्षांत एवढा चांगला नव्हता. जाऊ द्या." माझे सराव पाठ चालू आहेत, मला निघता येत नाही. दगडामावशी सोबत आहेत. केबिनमध्ये मच्छिंद्रभाऊंनी गादी टाकलीय. गोळ्या कधी द्यायच्या ते मी मावशींना तीन वेळा पाठ करायला लावलंय.

आज सकाळी गेल्या. आईने इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. ट्रकच्या पायरीवर पाय ठेवायला तिला दोघांनी उचललं, आणि वर बसल्यावर ती इतकी हसली की मी ओळखलीच नाही तिला.

पोचल्याबरोबर कळव.

जयू


गांधीधाम
१४ सप्टेंबर १९९७

प्रिय जयू,

आई पोचली. सुखरूप हाय. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

तुझं पत्र अजून आलेलं न्हाई, आईनंच सांगितलं तू टाकलंस म्हणून. मला काहीच ठाऊक न्हवतं. काल सकाळी मी शेडच्या दारात खाटेवर बसून फळीला पॉलिश मारत हुतो. कुबड्या भिंतीला. मच्छिंद्राचा ट्रक आत वळला. मला वाटलं, फाळका पुन्हा मोडला. मग केबिनचं दार उघडलं अन् आधी एक पिशवी खाली आली, मग दगडामावशी, मग एक पाय. त्या पायात झिजलेली चप्पल हुती अन् टाच फुटलेली. मी त्या पायाकडंच बघत राहिलो. उठायचं सुचलं न्हाई.

शेडमध्ये आमी आठ-नऊ जन हुतो, सगळ्यांची तोंडं भुश्शानं भरलेली. आई आत आली. कुनाकडं न बघता नीट माझ्याकडं आली. माझ्या खाटेशी उभी राहिली. मी दाढी ठेवलीय आता, अंगानं रुंद झालोय, मला वाटलं इचारंल तरी. तिनं इचारलं न्हाई. पाय कुठं मोडला ते बघितलं. मांडीवरनं हात फिरवला, जिथं सळई हाय तिथं. मग म्हनाली, "दुखतंय का रं?"

मी म्हनालो, "न्हाई."

म्हनाली, "खोटं बोलायला कवा शिकलास?"

उस्ताद लगबगीनं चहा घेऊन आले, त्यांना आईनं जयभीम केला, त्यांनी सलाम केला. दोघांना एकमेकांची भाषा येत न्हाई, तरी दोघं बराच वेळ बोलत हुते. आई त्यांना म्हनत हुती, "तुमी सांभाळलं, तुमाला सुख लागंल." उस्ताद मान हलवत हुते. त्यांना वाटलं ती चहा ग्वाड झाला म्हनतीय.

जेवन झालं. मी तिला म्हनालो, जरा आडवी हो, परवासानं दमली असशील. ती म्हनाली, "मला दिवसाची झोप येत न्हाई." अन् माझ्या खाटेवर कलंडली. मी शेजारी स्टुलावर. मी अण्णांचं इचारलं, शेवटी त्यांना लई तरास झाला का. तिनं सांगायला सुरवात केली अन् दोन वाक्यांवर गप झाली. वाकून बघितलं तर झोपलेली.

जयू, काल दुपारपासून झोपलीय. संध्याकाळी दगडामावशीनं हलवून उठवलं, चार घास खाल्ले, गोळी घेतली, मी हाय का ते बघितलं अन् पुन्हा झोपली. मी घाबरून तिच्या नाकाशी हात धरला. दगडामावशी म्हनाल्या, "आरं, निजू दे तिला. धा वर्सांची झोप हाय ती." तरी मी उस्तादांकरवी डॉक्टर आनला. तो म्हनाला, सगळं ठीक हाय, उठवू नका.

पाय आता जमिनीला टेकतो. डॉक्टर म्हनाला, गादीवर झोपून नेत असतील तर पंधरवड्यानं जा. मच्छिंद्राची पुढची खेप झाली की आमी तिघंही त्याच्याच गाडीत बसतो. तू घराला कुलूप लावून कुठं जाऊ नकोस, एवढंच.

आज सकाळी कामाला मानसं आली. आमच्या शेडला दिवसभर हातोडा थांबत न्हाई, पत्रा ठोकायचा, रिबिटी ठोकायच्या, रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालासुदा ओरडून बोलावं लागतं. पहिला घाव पडला अन् आई जरा हलली. उस्तादांनी हात वर केला. म्हनाले, "आज ठोकना बंद. रंग का काम करो."

आता दुपार झालीय. सगळे रंगाचे डबे घेऊन बसलेत, बोलतात तेसुदा हळू. पलीकडचा चहावाला मघाशी येऊन बघून गेला, की आज तुमच्याकडं कुनी मयत झालं का काय. मी म्हनालो, न्हाई बाबा, आई आलीय.

तुझा,
दादा